शेगावचे मंदिर बंद, हॉटेल बंद, आणि ऊसतोड मात्र चालू – असे का होते?

(ऊस विकास अधिकारी, शेतकी विभाग)



गट सभेत लागवडीच्या नोंदी, बेणे, खते, तोडणीचा क्रम हे विषय आटोपले आणि चहा आला, की एक प्रश्न हमखास निघतो. कोरोनाचे निर्बंध उठून काही वर्षे झाली, तरी तो निघतोच. "साहेब, त्या साली फडात रोज दीड-दोनशे माणूस कोयते घेऊन उभा होता. कारखान्याचा भोंगा तिन्ही पाळ्यांना वाजत होता. आणि शेगावला महाराजांचे दार बंद! देवळासमोरचं चहाचं हॉटेलसुद्धा बंद! रोगाला उसाची ओळख होती काय?"

हशा होतो. पण हा प्रश्न हशावारी नेण्यासारखा नाही. विचारणाऱ्याच्या मनात राग असतो, आणि तो उगाच नसतो. कुणाला वडिलांच्या दहाव्याला भावकी बोलावता आली नाही, कुणाच्या मुलीचे लग्न दोनदा पुढे गेले, कुणाचा नवस दीड वर्ष तसाच राहिला. म्हणून या अंकात ठिबक आणि पाचट बाजूला ठेवून याच विषयावर लिहितो आहे. खोडव्याचे व्यवस्थापन पुढील अंकी.

शेगाव आपल्यापासून लांब. बुलढाणा जिल्ह्यातील ते गाव म्हणजे कापूस-सोयाबीनचा मुलूख, खारपाणपट्ट्यातला, ऊस तिकडे नावालाच. तरी आपला संबंध जुना आहे. गजानन महाराजांची पालखी दर वर्षी शेगावहून पंढरपूरला पायी जाते, ती परभणी, गंगाखेड, परळी, अंबाजोगाई या वाटेने. या वाटेवरच्या गावांनी पिढ्यान्पिढ्या वारकऱ्यांना पिठलं-भाकरी घातली आहे. गळीत संपले, हातात उसाचे पैसे आले, की जीप ठरवून शेगाव करायचे हाही आपल्याकडचा रिवाजच. त्यामुळे शेगाव बंद झाले ही बातमी आपल्याकडे परक्या गावची म्हणून कुणी ऐकली नाही.

आधी तारखा नीट लावून घेऊ, कारण बोलताना त्यांची फार सरमिसळ होते. १५ फेब्रुवारी २०२० रोजी शेगावात प्रकट दिन नेहमीसारखा गर्दीने झाला. त्यानंतर महिन्याभरात, मार्चच्या मध्यात, राज्यातील मोठ्या देवस्थानांबरोबर शेगावचे दर्शनही बंद झाले. २५ मार्चला, नेमक्या गुढीपाडव्याला, देशभर टाळेबंदी लागली. त्या साली अक्षय तृतीया २६ एप्रिलला होती. म्हणजे ऐन लग्नसराई टाळेबंदीत गेली. मे महिन्यात लग्नाला ५० आणि अंत्यविधीला २० माणसे अशी मर्यादा आली. आपल्या राज्यात लॉज जुलैत ३३ टक्के क्षमतेने सुरू झाले, हॉटेलात बसून जेवण ५ ऑक्टोबर २०२० पासून निम्म्या क्षमतेने, आणि देवळे १६ नोव्हेंबरला, दिवाळीच्या पाडव्याला. शेगावात आधी मोबाईलवरून पास काढायचा आणि मगच रांगेत यायचे, अशी व्यवस्था झाली.

पुढे दुसरी लाट आली, आणि ती आपल्याआधी पश्चिम विदर्भात उठली. २२ फेब्रुवारी २०२१ पासून अमरावती शहर व अचलपूर येथे आठवड्याची टाळेबंदी झाली. एप्रिलच्या सुरुवातीला राज्यभर देवळे पुन्हा बंद. हॉटेलातून फक्त पार्सल. २२ एप्रिलपासून लग्न २५ माणसांत, तेही दोन तासांत, आणि नियम मोडल्यास ५० हजार रुपये दंड. देवळे उघडली ती ७ ऑक्टोबर २०२१ ला, घटस्थापनेच्या दिवशी. हिशेब केला तर साधारण एकोणीस महिन्यांपैकी किमान चौदा महिने शेगावचे दर्शन बंद होते. पायी वारी दोन वर्षे निघाली नाही, ती जून २०२२ मध्ये निघाली. सगळे निर्बंध उठले २ एप्रिल २०२२ ला. तोही गुढीपाडवाच.

आता मूळ प्रश्न. हे मी आपल्याच धंद्यातल्या उदाहरणाने सांगतो.

उसात गवताळ वाढ नावाचा रोग आहे. बेट गवतासारखे फुटते, पाने पांढुरकी पडतात, गाळपालायक ऊस तयार होत नाही. हा रोग बेण्यातून पसरतो, आणि बेणे डोळ्यांनी बघून तो कळत नाही. कांडी दिसायला ठणठणीत. समजा, एका शेतकऱ्याच्या प्लॉटमध्ये अशी दहा बेटे निघाली आणि तो ऊस गाळपाला गेला, तर नुकसान त्याच्या एकट्याचे. पण तोच प्लॉट बेण्यासाठी तोडला आणि दहा गावांत वाटला, तर पुढच्या साली दहा गावांतून रोग उठतो. म्हणून आपण त्रिस्तरीय बेणेमळा करतो, उष्ण हवेची प्रक्रिया करतो, आणि शंका आली तर प्लॉट बेण्यासाठी बाद करतो. मालक म्हणतो, "साहेब, ऊस तर हिरवागार आहे." असेल. तो गाळपाला जाऊ द्या, बेण्याला नको.

माणसांच्या गर्दीचेही तसेच आहे. ऊसतोडीची टोळी हंगामभर तीच असते. तोच मुकादम, त्याच जोड्या, तोच फड. काम उघड्यावर, वारा मोकळा. टोळीत रोग शिरलाच तर बहुधा त्या टोळीपुरता राहतो आणि लवकर ध्यानात येतो. शेगावच्या दर्शनबारीत सकाळी वीस जिल्ह्यांतली माणसे अंगाला अंग लावून उभी राहतात आणि संध्याकाळच्या गाड्यांनी वीस जिल्ह्यांत परत जातात. त्यांतला कोण आजारी हे त्यालाच ठाऊक नसते, कारण या रोगात अंगात ताप येण्याच्या आधी दोन दिवसही माणूस दुसऱ्याला रोग देऊ शकत होता. तो झाला बेण्याचा प्लॉट. बंद दारामागे देवाचा संबंध नव्हता, संबंध माणसे कुठून येतात आणि कुठे परत जातात याचा होता.

मग मंदिर समजले, हॉटेल का? तिथे तर चार टेबले आणि दहा माणसे. याचे उत्तर हवेत आहे. पहिल्या काही महिन्यांत आपण सगळे हात धुण्याच्या आणि भाजी धुण्याच्या मागे लागलो होतो. हळूहळू कळले, की हा रोग मुख्यतः श्वासातून आणि बोलण्यातून उडणाऱ्या बारीक तुषारांनी पसरतो, आणि बंद खोलीत ते तुषार तरंगत राहतात. चीनमधील ग्वांगझाऊ शहरात २४ जानेवारी २०२० रोजी दुपारी एका वातानुकूलित हॉटेलात तीन कुटुंबे शेजारशेजारच्या टेबलांवर जेवायला बसली. त्यांत एक बाई वुहानहून आलेली, तिच्या अंगात रोग होता. टेबलांमध्ये मीटरभर अंतर होते. तरीही त्या तीन कुटुंबांत मिळून दहा जण आजारी निघाले. यंत्राची हवा तीन टेबलांवर फिरत राहिली, तेवढ्याच पट्ट्यात रोग गेला. त्याच मजल्यावरची इतर गिऱ्हाइके आणि वाढपी सुटले.

दुसरे उदाहरण तर भजनी मंडळाने ध्यानात ठेवण्यासारखे आहे. अमेरिकेत वॉशिंग्टन राज्यातील माउंट व्हर्नन या गावी १० मार्च २०२० च्या संध्याकाळी एक गायक मंडळ सरावाला जमले. ६१ माणसे, बंद दालन, अडीच तास मोठ्याने गाणे. त्यांतले ५३ जण आजारी पडले, दोघे दगावले. मोठ्याने गाताना तोंडातून उडणारे तुषार साध्या बोलण्यापेक्षा कितीतरी जास्त असतात. आपला हरिपाठ, काकडा, सप्ताहातले कीर्तन हे सगळे याच जातीचे कार्यक्रम. मंडप उघडा असेल तर गोष्ट वेगळी, पण पावसाळ्यात आपण ताडपत्र्या सोडून तो चारी बाजूंनी बंद करतो.

म्हणजे तीन गोष्टी एकत्र आल्या की धोका. हवा कोंडलेली, वेळ मोठा, तोंड उघडे. हॉटेलात माणूस तोंड झाकून जेवू शकत नाही. लग्नाच्या पंगतीत तेच, महाप्रसादात तेच, बिअर बारमध्ये तर आवाजही चढतो. याउलट किराणा दुकानात माणूस दहा मिनिटे उभा राहतो आणि पिशवी घेऊन निघतो. म्हणून दुकान उघडे आणि हॉटेलला फक्त पार्सल. हा फरक त्या वेळी कुणी गावात येऊन समजावून सांगितला असता, तर निम्मी भांडणे झाली नसती. आपल्याला आदेश मिळाले, कारणे मिळाली नाहीत, असे माझे स्पष्ट मत आहे.

आदेश कुणाचे? पाया १८९७ सालच्या साथरोग कायद्याचा. मुंबईत १८९६ साली प्लेग उठला, तेव्हा इंग्रज सरकारने फेब्रुवारी १८९७ मध्ये तो केला. चार-पाच कलमांचा छोटासा कायदा, पण सरकारच्या हातात अधिकार मोठे. पुण्यात त्याचा अंमल कसा झाला आणि २२ जून १८९७ ला रँडवर गोळी का झाडली गेली, हे शाळेत आपण सर्वांनी वाचले आहे. तोच कायदा मार्च २०२० मध्ये महाराष्ट्रात लागू झाला, जोडीला २००५ चा आपत्ती व्यवस्थापन कायदा आला, आणि जिल्ह्यापुरते अधिकार जिल्हाधिकाऱ्यांकडे गेले. म्हणून बुलढाण्यात एक नियम आणि शेजारच्या जिल्ह्यात दुसरा असे होई. यात्रेवरची बंधने मात्र आपल्याला नवी नव्हती. पंढरीला जाताना कॉलऱ्याची सुई टोचून घ्यावी लागे, हे जुन्या वारकऱ्यांना चांगले आठवत असेल. चंद्रभागेच्या वाळवंटातून कॉलरा गावोगाव जात असे, त्यावर ती तोड होती.

आता दुसरी बाजू. या चौदा महिन्यांची किंमत कुणी दिली? शेगाव हे गाव येणाऱ्या माणसावर चालते. हारफुलांचे, पेढ्याचे, फोटोंचे दुकान, ऑटोवाला, टांगेवाला, छोटे लॉज, खानावळ. शेगावची कचोरी स्टेशनमुळे नावारूपाला आली. गाडी थांबली की खिडकीतून हात बाहेर येतो आणि गरम कचोरी आत जाते. मार्च २०२० मध्ये प्रवासी गाड्याच थांबल्या. पार्सलला परवानगी आहे म्हणून सांगून काय उपयोग? पार्सल नेणारा प्रवासी कुठे होता? कागदावर धंदा चालू आणि प्रत्यक्षात गल्ला रिकामा, अशी गत होती. संस्थानाने त्या काळात विलगीकरणासाठी जागा दिली, गरजूंना जेवण पुरवले, हे खरे. पण कपबश्या विसळणाऱ्या पोराला महिन्याचा पगार कुठल्याच आदेशात लिहिलेला नव्हता. ४ ऑगस्ट २०२१ ला संस्थानाचे विश्वस्त शिवशंकरभाऊ पाटील गेले. ज्या माणसाने रांगेतल्या भाविकाची सोय करण्यात आयुष्य घातले, तो गेला तेव्हा दर्शनाची रांग बंद होती.

तुम्ही म्हणाल, हॉटेलवाल्याचे दुःख आम्हाला कळते, पण आमचा काय संबंध? संबंध थेट तुमच्या बिलाशी आहे. देशात खपणाऱ्या साखरेपैकी घरच्या डब्यात जाणारी साखर निम्म्याहून कमी. बाकीची थंड पेये, आइस्क्रीम, बिस्किटे, मिठाई, हॉटेले आणि लग्नाच्या पंगती यांत जाते. २०२० चा उन्हाळा आठवा. रसवंती बंद, चहाच्या टपऱ्या बंद, लग्नात बुंदीची कढई चढली नाही. केंद्र सरकार कारखान्यांना दर महिन्याला साखर विक्रीचा कोटा देते. मार्च-एप्रिलचा कोटा वेळेत विकला जाईना, म्हणून मुदत वाढवून द्यावी लागली. साखरेचा किमान विक्री दर फेब्रुवारी २०१९ पासून क्विंटलला ३,१०० रुपये होता, त्याखाली विकता येत नाही. पण गिऱ्हाईकच नसेल तर किमान दर काय कामाचा?

पोते गोदामात पडून राहिले की त्यावर बँकेचे व्याज चढते. हिशेबासाठी दरसाल दर शेकडा १२ रुपये धरा आणि उचल पूर्ण किमतीवर धरा. ३,१०० च्या क्विंटलला महिन्याला ३१ रुपये. उतारा ११ टक्के असेल, तर एका टन उसाची साखर एक क्विंटल दहा किलो. म्हणजे टनामागे महिन्याला ३४ रुपये. साखर चार महिने जास्त पडून राहिली तर टनामागे १३६ रुपये व्याजात गेले. हे पैसे कुठून येणार? अंतिम भावातूनच. तिकडे एप्रिल २०२० मध्ये पेट्रोलचा खप निम्म्याहून खाली आला, त्यामुळे इथेनॉलची उचलही मंदावली. डिस्टिलरी असलेल्या काही कारखान्यांनी सॅनिटायझर काढून थोडी भरपाई केली, पण ती थोडीच. शेगावच्या टपरीवर उकळला नाही तो चहा अखेर तुमच्या उसाच्या भावातून वजा झाला, असा हा हिशेब आहे.

निर्बंधांची दिशा बरोबर होती असे मी मानतो, पण सगळेच नियम शहाणे नव्हते. जून २०२१ मध्ये जिल्ह्यांचे पाच स्तर पाडले, आणि तिसऱ्या स्तरात दुकाने चार वाजता बंद. वेळ कमी केला की गर्दी दाट होते, हे आठवड्याच्या बाजारात बसणाऱ्या कुणालाही कळते. दहा तासांत येणारे गिऱ्हाईक सहा तासांत दाटले. तसेच अंगणात चार बाकडी टाकून चहा विकणारा आणि शहरातला वातानुकूलित बार या दोघांना एकच ५० टक्क्यांचा नियम. उघड्या हवेतल्या टपरीला सवलत देता आली असती. आणि बार आधी उघडले, देवळे सहा आठवड्यांनी. यावरून ऑक्टोबर २०२० मध्ये राज्यपाल आणि मुख्यमंत्री यांच्यात जाहीर पत्रव्यवहार झाला. त्या वादात मी शिरत नाही. पण बारमधली हवा देवळाच्या सभामंडपापेक्षा चांगली असते, असे कोणताही शास्त्रज्ञ सांगणार नाही. तो निर्णय महसुलाचा आणि रोजगाराचा होता. तसे सांगून घेतला असता, तर लोकांनी समजून घेतला असता.

आणि ऊसतोडीबद्दल आपणही फार कॉलर ताठ करू नये. फड उघडा, हे खरे. पण कोप्यांचे काय? पाचटाच्या आणि ताडपत्रीच्या कोपीत सहा माणसे झोपतात, तीस कोप्यांना एक नळ. मार्च २०२० मध्ये गळीत संपले आणि मजूर कारखान्यांच्या तळांवरच अडकले. १७ एप्रिलला शासनाने परवानगी दिल्यावर, ३८ कारखान्यांच्या तळांवरचे सुमारे १ लाख ३१ हजार मजूर तपासणी करून गावी गेले. तोवर रेशन, पाणी, लेकरांचे दूध हे ज्या त्या कारखान्याच्या शेतकी खात्याने कसेबसे भागवले. गावात आल्यावर काही ठिकाणी त्यांना वेशीवर अडवले, शेतात राहायला लावले. तोडणी चालू ठेवली ती टोळीला रोग होत नव्हता म्हणून नव्हे. ऊस वाळला असता, सभासद बुडाला असता, म्हणून. त्याची जोखीम कोयता धरणाऱ्याने घेतली, आपण नाही.

सभेचेही सांगतो. २०२० साली सहकारी संस्थांच्या वार्षिक सभा पुढे ढकलल्या गेल्या, मार्च २०२१ पर्यंत मुदत मिळाली, आणि अनेक संस्थांनी त्या मोबाईलवर घेतल्या. एका संस्थेच्या सभासदाने मला सांगितले, "तासभर हात वर करून बसलो, पडद्यावर दिसतच होतो, पण आवाज त्यांच्याकडून बंद होता. मंजूर, मंजूर, झालं." ही साथीची गरज होती, पण ती सोयीची सवय होऊ नये. वार्षिक सभा हा सभासदाचा हक्क आहे, आणि उघड्या मैदानात, वरून मंडप व चारी बाजू मोकळ्या ठेवून ती घेता येते. जेवणाची पंगत टाळायची वेळ आलीच, तर बुंदीचे पाकीट हातात द्यावे. सभा मात्र तोंडासमोर व्हावी.

पुन्हा तशी वेळ आली तर आपल्या शेतकी खात्यापुरती तयारी काय असावी, याची टिपणी मी गट कार्यालयांकडे दिली आहे. कोप्यांत दहा-दहा फुटांचे अंतर, दहा कोप्यांमागे एक नळ, टोळी एका फडावरून दुसऱ्या गटात हलवताना तपासणी, आणि तळावर पंधरा दिवसांचे रेशन आधीच भरून ठेवणे. त्यात कोप्यांच्या जागेचा प्रश्न सर्वांत अवघड आहे, कारण गावाजवळ मोकळी पड जमीन उरलेली नाही. ज्या सभासदांकडे विहिरीजवळ एक-दोन एकर पड असेल आणि हंगामापुरती तळासाठी देता येण्यासारखी असेल, त्यांनी आपल्या गटाच्या ॲग्री ओव्हरसियरकडे नाव नोंदवावे. भाडे कारखान्याच्या नियमाप्रमाणे मिळेल.